थोरलीचं माप धाकट्याला

गणपतीला मुंबईकर मंडळी गावी आली की कापड्यात घरोघरी ओटीवर एक गोष्ट हमखास घडते. मागेपुढे जन्मलेली दोन-तीन बाळं एका चटईवर येतात आणि मोठी माणसं हिशेब मांडायला बसतात. कुणाचं दहाव्या महिन्यात चाललं, कुणाचं अजून बसत नाही, कुणाला किती दात आले. पाहुणे आठवडाभरात परततात, पण घरातली दुसरी तुलना वर्षभर चालूच राहते. ती असते पाठच्या भावंडाची. ‘ताई एवढी होती तेव्हा घरभर फिरायची,’ असं सासूबाई म्हणतात, शेजारच्या काकी म्हणतात, आणि रात्री बाळ झोपल्यावर आईही स्वतःशी तेच म्हणत असते.

माझी थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. थोरलीची पहिली दोन वर्षं मुंबईत एका खोलीत गेली. धाकटा पोलादपूर तालुक्यातल्या या गावात, सासरच्या घरात वाढतो आहे. तिने वर्षाच्या आत पावलं टाकली, आणि वर्षाची होताना ती चार-पाच शब्द बोलत होती. धाकटा पहिल्या वाढदिवसाला भिंत धरून उभा होता, हात सोडायला तयार नव्हता. शब्द म्हणावा असा एकच होता, तोही फक्त गाय दिसली की. मात्र निवडायला घेतलेल्या तांदळातला खडा दोन बोटांच्या चिमटीत अलगद उचलणं त्याला ताईच्या कितीतरी आधी जमलं. त्याचं कौतुक कुणी केलं नाही. चालणं सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं, चिमूट कुणाच्या लक्षातही येत नाही.

या दोघांना वाढवताना माझं जे मत बनलं ते सरळ सांगते. भावंडांची तुलना मनात येणारच. पण बाळाची वाढ नीट चालली आहे की नाही हे ठरवायला ते अगदी कच्चं माप आहे, आणि ते दोन्हीकडे चुकतं. चांगल्या चाललेल्या बाळाबद्दल ते उगाच घोर लावतं. ज्या बाळाला खरंच मदत हवी आहे, त्याच्या आईवडिलांना ते खोटा धीर देतं: ‘याची ताईपण उशिराच बोलली, हाही बोलेल.’ यातली दुसरी चूक पहिलीपेक्षा फार महाग पडते.

आधी घोराविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बाळांच्या हालचालींच्या टप्प्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली ८१६ निरोगी बाळं त्यात होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान आलं, धरून उभं राहणं ४.८ ते ११.४ महिन्यांत, हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत, आणि कुणाचाही हात न धरता चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. शंभरातली अठ्ठ्याण्णव बाळं या पट्ट्यांत बसतात. चालण्याचे आकडे पुन्हा वाचा. सगळी धडधाकट बाळं, आणि तरी पहिल्या पावलात नऊ महिन्यांची तफावत. एकाच आईची दोन मुलं या पट्ट्याच्या दोन टोकांना असतील, तर त्यात ना आईचं काही चुकलेलं असतं ना बाळाचं.

त्याच अभ्यासातली ४.३ टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तो टप्पा गाळून पुढे गेली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. बाळ बसतंय, धरून उभं राहतंय, दोन्ही हातपाय सारखे वापरतंय, तर ‘रांगला नाही’ म्हणून झोप उडवून घेऊ नका.

भारतीय बाळांचं माप भारतीय बाळांवरूनच ठरवण्याचं काम आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात केलं. त्यांचे पहिले निकष १९७० मध्ये आले, सुधारलेली पट्टी १९९७ मध्ये. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या बाळासाठी त्यात हालचालींच्या ६७ आणि आकलनाच्या १६३ गोष्टी पाहतात. लपवलेली वस्तू शोधणं, डबीचं झाकण उघडू पाहणं, आरशातल्या बाळाकडे बघणं अशा कितीतरी गोष्टी बाळ रोज करत असतं. घरात मात्र आपण तीनच प्रश्न धरून बसतो: बसला का, चालला का, बोलला का. तुमचं दुसरं बाळ या तीन प्रश्नांत मागे वाटत असेल, तर आठवडाभर त्याच्या हाताकडे आणि नजरेकडे लक्ष द्या. काय उचलतो, कसं उचलतो, पडलेली वाटी कुठे गेली ते शोधतो का, तुम्ही बोट दाखवलंत तिकडे बघतो का. चित्र बरंच बदलतं.

थोरल्या मुलाविषयी आपल्याला जे आठवतं, त्यावरही फार भिस्त ठेवू नका. दोन-तीन वर्षांत आठवणी गोड होतात आणि तारखा मागे सरकतात. आमच्या घरात थोरली ‘नवव्या महिन्यातच चालली’ असं सगळे ठामपणे सांगत. मोबाइलमध्ये तारखेसह व्हिडिओ निघाला. त्यात ती आजोबांचं बोट घट्ट धरून चालते आहे, आणि एकटीने टाकलेली पावलं त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी दिसतात. धरून चालणं आणि एकटीने चालणं हे दोन वेगळे टप्पे आहेत. चार्ल्स डार्विन १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या नोंदी त्या-त्या वेळी वहीत लिहीत गेले, म्हणून १८७७ मध्ये, मुलगा सदतीस वर्षांचा झाल्यावरही, त्यांना त्यावर नेमका लेख लिहिता आला. धाकट्यांशी तुलना त्यांनाही सुटली नव्हती. चिडल्यावर हातातली वस्तू फेकून मारण्याची खोड मुलांत दिसते, मुलींत दिसली नाही, असं त्यांनी नोंदवलं आहे. आपल्याला वहीसुद्धा लागत नाही. दर महिन्याला बाळाच्या जन्मतारखेच्या दिवशी एक छोटा व्हिडिओ काढून ठेवा. बाळ खाली मोकळं असावं, आणि कुणी त्याच्याशी बोलत असावं. मग धाकट्याची तुलना गेल्या महिन्यातल्या धाकट्याशी करता येते. मला सर्वांत उपयोगी पडलेली तुलना हीच.

आता घराविषयी. दोन भावंडं एकाच घरात वाढतात असं आपण म्हणतो, पण दुसऱ्याच्या वेळी ते घर वेगळंच झालेलं असतं. आमच्याकडे तर गावच बदललं होतं. मुंबईच्या खोलीत थोरलीला फरशीवर सोडून मी स्वयंपाक करायची. दुसरं कुणी नव्हतंच. इथे धाकट्याला आजी आहे, आजोबा आहेत, काकी आहेत, शेजारच्या पोरी शाळेतून आल्या की त्याला उचलायला धावतात. दिवसातला बराच वेळ तो कुणाच्या तरी कडेवर असतो. कडेवरच्या बाळाला खाली उतरून चालण्याची निकड कशी वाटावी? हे प्रेम कमी करायला मी सांगणार नाही. पण दिवसातून चार-पाच वेळा, घरातल्या सगळ्यांना सांगून, बाळाला खाली सोडायचं. जागं असताना आणि कुणीतरी समोर बसलेलं असताना त्याला पालथंही ठेवायचं. झोपवताना मात्र उताणंच. मालीश आणि अंघोळ झाल्यावर बाळ दमलेलं असतं, तेव्हा नको. सकाळी दूध पिऊन थोडा वेळ गेला की बाळ खुशीत असतं, ती वेळ चांगली.

ऋतूचाही हिशेब धरा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. अंगणात चिखल, पडवीत रचलेली लाकडं, जमिनीला ओल. पौषात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होतं ते आषाढात, आणि नेमक्या रांगायच्या दिवसांत त्याला खाली सोडायला कुणी धजत नाही. जे बाळ भाद्रपदात जन्मतं, त्याला रांगायला फाल्गुन-चैत्राचं कोरडं, सारवलेलं अंगण मिळतं. एका भावंडाचे रांगायचे दिवस पावसाळ्यात आणि दुसऱ्याचे उन्हाळ्यात आले असतील, तर महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाला हे कारणही पुरेसं असू शकतं. पावसाळ्यात माजघरात चुलीपासून लांब, खाली जाड गोधडी आणि वर चटई अशी कायमची जागा करून द्या. बाळाला जाड कपड्यांत गुंडाळून तिथे ठेवू नका, पाय मोकळे हवेत.

बाळ लवकर चालावं या घाईत बरेच जण बाजारातून चाकांचं वॉकर आणतात, ज्यात बाळ आत बसतं. ते आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, आणि ओटीवरून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या घरात ते सरळ धोक्याचं आहे. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून गाडा ढकलतं. धरून उभं राहायला लागलेल्या बाळाला तो द्यायला हरकत नाही, मात्र सपाट जागी आणि मोठं माणूस जवळ असताना.

बोलण्याच्या बाबतीत मात्र थोरल्या भावंडाचाच प्रभाव जास्त असतो. धाकटा नुसता ‘अं’ करतो, की ताई धावते: ‘आई, त्याला पाणी हवंय.’ पाणी मिळतं, शब्दाची गरजच पडत नाही. दुसऱ्या बाळाशी आईचं एकटीचं बोलणंही कमी होतं. थोरलीला भरवताना मी चिऊकाऊच्या गोष्टी सांगायचे, धाकट्याला भरवताना एकीकडे थोरलीचा अभ्यास चालू असतो. फ्रान्समध्ये हजारांहून अधिक मुलांचा जन्मापासून साडेपाच वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. त्यातून २०१९ मध्ये असं दिसलं की थोरला भाऊ असलेल्या मुलांची भाषा थोरली बहीण असलेल्या मुलांपेक्षा थोडी मागे होती. बहीण असलेल्यांच्या बाबतीत तोटा दिसला नाही. याचा अर्थ थोरल्या मुलाला गप्प करा असा नाही. त्यालाच कामाला लावा. ‘तू त्याचं उत्तर देऊ नकोस, त्याला विचार, आणि थांब,’ हे चार वर्षांच्या मुलीलाही कळतं. थांबणं महत्त्वाचं. आपण विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो. मनातल्या मनात पाच आकडे मोजा, बाळाला वेळ लागतो. आणि दिवसातला एक काळ, मग तो अंघोळीचा का असेना, फक्त धाकट्याशी बोलण्यासाठी राखून ठेवा. मोबाइलवरची गाणी त्याची जागा घेत नाहीत, कारण मोबाइल बाळाच्या उत्तराची वाट बघत नाही.

दोन गोष्टी तुलनेच्या आधीच तपासायला हव्यात. पहिली, बाळ किती दिवसांचं जन्मलं. धाकटा दोन महिने आधी जन्मला असेल, तर आठव्या महिन्यात त्याला सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाने बघायचं. दोन वर्षांचा होईपर्यंत हा हिशेब असाच करायचा. ओटीवरच्या परीक्षेत हे कुणी धरत नाही आणि सुनेला उगाच ऐकावं लागतं. दुसरी गोष्ट रक्ताची. दोन बाळंतपणांत अंतर कमी असेल किंवा गरोदरपणात आईच्या अंगात रक्त कमी असेल, तर बाळाकडेही लोहाचा साठा कमी असू शकतो, आणि रक्त कमी असलेलं बाळ मलूल राहतं, शिकायला मागे पडतं. सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लोहाचं पातळ औषध आठवड्यातून दोनदा, एक-एक मिली देतात. आशाताईंकडे मागा आणि चुकवू नका. नाचणीचं सत्त्व द्याच, पण त्याने या औषधाची जागा भरून निघत नाही.

वजनाचं तर थोरल्या भावंडाशी बघूच नका. माता व बाल संरक्षण कार्डावर मुलाचा आणि मुलीचा तक्ता वेगळा असतो, निळा आणि गुलाबी. ताईच्या जुन्या कार्डावर भावाचं वजन ताडून पाहणं मुळातच चुकीचं. बाळाच्या स्वतःच्या तक्त्यावर दर महिन्याचे ठिपके जोडा. रेघ वर चढत असेल तर बाळ बारीक दिसलं तरी चालेल. रेघ आडवी झाली किंवा हिरव्यातून पिवळ्या पट्ट्याकडे उतरू लागली, तर बाळ गुटगुटीत दिसत असलं तरी अंगणवाडीत त्याच महिन्यात बोला.

आता खोट्या धीराविषयी. इथे मला हात जोडून सांगावंसं वाटतं. पुढच्या गोष्टी दिसल्या तर थोरल्या भावंडाचं उदाहरण घेऊन वाट बघत बसू नका. तीन महिने झाले तरी बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघून हसत नाही. चार महिने झाले तरी मान धरत नाही. नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही. वर्ष झालं तरी धरूनही उभं राहत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, ‘बाबा-दादा’ असे आवाज काढत नाही, टाटा करत नाही की बोटाने दाखवत नाही. दीड वर्ष झालं तरी चालत नाही, किंवा एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडून बोलत नाही. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतं आणि दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली राहते, हेही दाखवायला हवं; ‘डावरा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. आणि सगळ्यांत तातडीचं म्हणजे जे येत होतं ते जाणं. बोलत होता, आता बोलत नाही. नजर देत होता, आता देत नाही. कुठल्याही वयात असं झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

ऐकण्याबद्दल वेगळं सांगते, कारण तिथे घरगुती परीक्षा फसवते. बाळामागे थाळी वाजवली, बाळ वळलं, म्हणजे कान चांगले, असं नसतं. थाळीचा आवाज फार मोठा असतो, शिवाय बाळाला हालचाल आणि सावलीही जाणवते. हळू आवाजातलं बोलणं ऐकू न येणारं बाळही त्या थाळीला वळेल. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला आवाज काढतात, म्हणून सहाव्या महिन्यापर्यंत घरात कुणाला शंकाच येत नाही. बोलणं उशिरा येत असेल तर कानांची यंत्रावरची तपासणी आधी करून घ्या. आमच्याकडच्या बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत असतंच. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ मध्ये सुरू झालेली. तिथे ही तपासणी होते.

मोठ्या मुलांसमोर ही सगळी चर्चा करू नका, एवढं एक मध्येच सांगायचं आहे. ‘तू किती हुशार होतीस, हा बघ’ असं रोज ऐकणाऱ्या मुलीला धाकटा मागे राहण्यातच आपलं कौतुक आहे असं वाटायला लागतं. तिला वेगळं काम द्या. आज त्याने नवीन काय केलं, ते रात्री जेवताना तिने सांगायचं. आमच्या थोरलीने एकदा असं सांगितलं की धाकटा कोंबडीला हात दाखवून ‘ये’ करतो. ते घरात दुसऱ्या कुणीही पाहिलं नव्हतं.

शंका आली तर जायचं कुठे? पहिल्यांदा आशाताई. बाळंतपणानंतर पहिल्या दीड महिन्यात त्या घरी येतात. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि २०११ पासून देशभर गेली. दीड महिन्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही आशाताईंनी घरी यायचं असतं, आणि तेव्हा वजनासोबत बाळाच्या विकासाचीही विचारपूस करायची असते. हे बऱ्याच आयांना ठाऊक नसतं, त्यामुळे त्या आपणहून काही विचारत नाहीत. विचारा. मोबाइलमधला व्हिडिओ दाखवा, कारण अनोळखी माणूस आलं की बाळ जे रोज करतं तेही करत नाही.

पुढे पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय आहे, महाडला बालरोगतज्ज्ञ आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, आणि गरज पडली तर पुढे जिल्हा पातळीवर पाठवतं. आपलं जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे इथून शंभर किलोमीटरहून जास्त, एसटी बदलत जायचं. अंतर मोठं आहे हे मान्य. म्हणून निघण्याआधी पथकाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, कुठल्या दिवशी कोणते डॉक्टर असतात ते फोन करून विचारा, आणि बाळाचं कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, लसीकरणाची नोंद एकाच पिशवीत ठेवा. पथक अंगणवाडीत येण्याची तारीख सेविकाताईंकडून आधीच घेऊन ठेवा. त्या दिवशी बाळाला लवकर झोपवून, पोट भरलेलं असताना न्या, आणि डॉक्टरांना थोरली कधी चालली ते न सांगता धाकटा गेल्या महिन्यात काय करत होता आणि या महिन्यात काय करतो ते सांगा.